शाळेच्या खर्चात कपात झाली, तर हिशेब तासिकांमध्ये मांडा

कपातीची बातमी शाळेत पोहोचते ती बहुधा एका टक्केवारीच्या रूपाने. पत्रात तेवढा एक आकडा असतो, त्याखाली सही असते आणि 'उपलब्ध तरतुदीत भागवावे' असे एक वाक्य असते. त्या आकड्यावरून कोणता वर्ग कोणाविना राहणार, कोणते प्रात्यक्षिक बंद पडणार आणि कोणत्या शिक्षकाच्या मोकळ्या तासिका जाणार, यांतले काहीच कळत नाही. वेळापत्रक तयार करण्याचे काम अनेक वर्षे माझ्याकडे होते आणि त्या काळात दोन मोठ्या कपाती मी जवळून पाहिल्या. पहिल्या वेळी आम्ही सगळे रकमेवरच बोलत राहिलो आणि मुलांचे काय गेले, हे आम्हांला वर्षाच्या शेवटी समजले. दुसऱ्या वेळी आम्ही कपातीचे रूपांतर आधी तासिकांमध्ये केले आणि मगच बैठकीला बसलो. नुकसान दुसऱ्या वेळीही झाले. पण ते कोठे होऊ द्यायचे, हे ठरवणे काही प्रमाणात आमच्या हाती राहिले. मुख्याध्यापक, शिक्षक आणि शाळेच्या समितीवर काम करणारे पालक यांच्यासाठी ती पद्धत येथे सविस्तर मांडत आहे.

कपात नेमकी किती, हे आधी शोधावे

तरतूद वाढलेली दिसत असतानाही कपात झालेली असू शकते. समजा, शाळेची एकूण तरतूद २ टक्क्यांनी वाढली, पटसंख्या ३ टक्क्यांनी वाढली आणि पगार, वीज, दुरुस्ती व साहित्य यांचा खर्च ६ टक्क्यांनी वाढला. १०२ ला १.०३ ने आणि मग १.०६ ने भागले, तर उत्तर सुमारे ९३.४ येते. म्हणजे प्रत्येक विद्यार्थ्यामागे शाळेची खरी खर्चशक्ती साडेसहा टक्क्यांहून अधिक घटली आहे, जरी कागदावर वाढ दिसत असली तरी. हा हिशेब न करता बैठकीला गेल्यास 'यंदा तर वाढवून दिले आहे' या एका वाक्यापुढे सगळा युक्तिवाद संपतो. इंग्लंडमध्ये इन्स्टिट्यूट फॉर फिस्कल स्टडीज या संस्थेने याच रीतीने महागाई वजा करून हिशेब मांडला, तेव्हा २००९-१० ते २०१९-२० या दशकात प्रत्येक विद्यार्थ्यामागचा शालेय खर्च सुमारे ९ टक्क्यांनी घटल्याचे दिसले. पटसंख्या वाढत असल्यामुळे एकूण रकमेकडे पाहणाऱ्याला ही घट सहज दिसली नसती.

यासाठी तीन वर्षांचे आकडे शेजारी शेजारी लिहावेत: मंजूर तरतूद, प्रत्यक्ष हाती आलेली रक्कम आणि प्रत्यक्ष खर्च. या तिन्हींत फरक असतो आणि पुष्कळदा खरी कपात मंजुरीत नसून पैसे पोहोचण्याच्या वाटेवर झालेली असते. युगांडाचे उदाहरण या बाबतीत प्रत्येक शाळा समितीने लक्षात ठेवण्यासारखे आहे. १९९१ ते १९९५ या काळात तेथील प्राथमिक शाळांना वेतनेतर खर्चासाठी मिळणाऱ्या अनुदानापैकी सरासरी केवळ १३ टक्के रक्कम शाळांपर्यंत पोहोचत होती. ही गोष्ट उघडकीस आल्यानंतर सरकारने जिल्ह्यांना पाठवलेल्या रकमा वर्तमानपत्रांतून छापण्यास आणि शाळांच्या सूचनाफलकांवर लावण्यास सुरुवात केली. २००१ पर्यंत पोहोचणाऱ्या रकमेचे प्रमाण ८० टक्क्यांच्या वर गेले. या सुधारणेचे श्रेय वर्तमानपत्रांना किती आणि इतर बदलांना किती, यावर अभ्यासकांत नंतर वाद झाला. तरीही सूचनाफलकावर रक्कम लिहिण्याला फारसा खर्च येत नाही आणि ते काम कोणतीही शाळा उद्यापासून करू शकते.

पाच टक्क्यांची कपात पंचवीस टक्क्यांची कशी होते

शाळेच्या चालू खर्चाचा सर्वांत मोठा भाग पगाराचा असतो. आर्थिक सहकार्य आणि विकास संघटनेच्या सदस्य देशांत तो सरासरी तीन चतुर्थांशांहून अधिक आहे. समजा, शंभरातले ऐंशी पगारावर जातात आणि वर्षाच्या मध्यावर पगाराला हात लावता येत नाही. मग पाचाची कपात उरलेल्या विसांतून करावी लागते, म्हणजे तेथे ती २५ टक्के होते. त्या विसांतले दहा वीज, पाणी, स्वच्छता आणि सुरक्षितता यांवर अटळपणे जात असतील, तर उरलेल्या दहांतून पाच काढावे लागतात. ग्रंथालय, प्रयोगशाळा, खेळाचे साहित्य, शिक्षकांचे प्रशिक्षण आणि इमारतीची देखभाल हे सगळे त्या दहांतच असते. 'फक्त पाच टक्के' म्हणून आलेल्या कपातीने प्रयोगशाळेचा खर्च निम्मा होतो, तो असा. हा हिशेब पालकांना फळ्यावर मांडून दाखवावा. दोन मिनिटांत समजतो आणि पुढच्या सगळ्या चर्चेचा पाया होतो.

आता तासिका मोजाव्यात

एखाद्या शाळेत दहा तुकड्या आहेत आणि प्रत्येक तुकडीला आठवड्याला ३६ तासिका आहेत असे धरू. एकूण ३६० तासिका झाल्या. बारा शिक्षक प्रत्येकी ३० तासिका घेतात, तेव्हा वेळापत्रक बरोबर बसते आणि प्रत्येकाला आठवड्याला सहा तासिका मोकळ्या मिळतात. निवृत्त झालेल्या एका शिक्षकाची जागा भरायची नाही असे ठरले, की ३६० तासिका अकरा जणांत वाटाव्या लागतात. प्रत्येकाच्या वाट्याला जवळजवळ ३३ येतात आणि मोकळ्या तासिका सहावरून तीनवर येतात. कागदावर बचत एका पगाराची झाली. प्रत्यक्षात अकरा शिक्षकांचा तपासणीचा, तयारीचा आणि एखाद्या मागे पडलेल्या मुलाला जवळ बसवून समजावण्याचा वेळ निम्मा झाला.

तुकड्या एकत्र करून हाच प्रश्न सोडवला, तर तो वह्यांच्या गठ्ठ्यात दिसतो. चार तुकड्यांना भाषा शिकवणाऱ्या शिक्षिकेकडे प्रत्येक तुकडीत चाळीस मुले असताना निबंधाच्या १६० वह्या येतात. एका निबंधाला पाच मिनिटे दिली, तर १३ तास २० मिनिटे लागतात. तुकडीत पन्नास मुले झाली, की वह्या २०० होतात आणि वेळ १६ तास ४० मिनिटांवर जातो. माझ्या एका सहकारी शिक्षिकेने पहिल्या कपातीच्या वर्षी पंधरवड्याचा निबंध महिन्यावर नेला, दिवाळीनंतर तो परिच्छेदलेखनावर आला आणि वार्षिक परीक्षेच्या आधी मुले केवळ रिकाम्या जागा भरत होती. त्यांनी कोणतेही काम टाळले नव्हते. त्या रोज रात्री वह्या घरी नेत होत्या. त्या वर्षीच्या मुलांना स्वतःचे वाक्य कोणीतरी लाल शाईने दुरुस्त करून देण्याचा अनुभव मात्र फार कमी वेळा मिळाला आणि कोणत्याही अंदाजपत्रकात या गोष्टीसाठी रकाना नसतो.

म्हणून प्रत्येक प्रस्तावित कपातीसमोर दोन प्रश्न लिहून ठेवावेत: आठवड्याला कोणत्या वर्गाच्या किती तासिका कमी होतात किंवा बदलतात आणि शिक्षकाच्या कोणत्या कामाचा वेळ जातो. ज्या कपातीसमोर दोन्ही उत्तरे शून्य आहेत, तेथून सुरुवात करावी.

काय आधी सोडावे आणि काय शेवटपर्यंत धरून ठेवावे

सरसकट सर्व लेखाशीर्षांवर सारखीच कपात करणे सोपे असते आणि न्याय्यही वाटते. माझ्या मते ती सर्वांत वाईट पद्धत आहे. ज्या विभागाकडे आधीच दहा वस्तू आहेत त्याच्या नऊ होतात आणि ज्याच्याकडे एकच आहे, त्याची तीच जाते. छपाई, समारंभ, नव्या फर्निचरची खरेदी, रंगकाम आणि एकाच कामासाठी घेतलेल्या दोन-दोन संगणकीय सेवा यांची छाननी आधी करावी. देखभालीच्या बाबतीत मात्र सावध राहावे, कारण गळणारे छप्पर वाट पाहत नाही आणि पुढच्या वर्षी त्याच दुरुस्तीला कितीतरी अधिक पैसे लागतात.

खालच्या इयत्तांच्या वर्गांची पटसंख्या शक्य तितकी वाढू देऊ नये. अमेरिकेतील टेनेसी राज्यात १९८५ ते १९८९ या काळात झालेल्या प्रयोगात सुमारे ११,६०० मुलांना चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे लहान आणि नेहमीच्या आकाराच्या वर्गांत विभागले होते. लहान वर्गांत १३ ते १७ मुले होती, तर नेहमीच्या वर्गांत २२ ते २५. बालवाडीपासून तिसरीपर्यंत लहान वर्गांत बसलेल्या मुलांची प्रगती अधिक झाली आणि गरीब व कृष्णवर्णीय मुलांना त्याचा फायदा अधिक मिळाला. तुकड्या एकत्र करणे अटळच असेल, तर वरच्या वर्गांतील ज्या विषयांत व्याख्यानाचा भाग मोठा आहे, तेथून सुरुवात करावी. वाचायला शिकणाऱ्या मुलांपासून नव्हे.

मदतनिसांची पदे कमी करताना ते काम कोणाकडे जाणार, हे लिहिल्याशिवाय निर्णय घेऊ नये. आमच्या शाळेत प्रयोगशाळा परिचराचे पद रद्द झाले, तेव्हा 'शिकवण्याला धक्का लागलेला नाही' असे सर्वांनाच वाटले होते. रसायनशास्त्राच्या प्रात्यक्षिकाला सलग दोन तासिका, म्हणजे सत्तर मिनिटे मिळत. आता ब्युरेट (थेंब थेंब द्रावण सोडण्याची मापनळी) लावणे, द्रावणे भरणे आणि नळ्या मांडणे यांत शिक्षकांची पहिली वीस मिनिटे जाऊ लागली आणि शेवटची पंधरा मिनिटे सगळे धुऊन ठेवण्यात. उरलेल्या पस्तीस मिनिटांत आठ गटांचे अनुमापन होईना. काही आठवड्यांनी एकच ब्युरेट शिक्षकांच्या टेबलावर लागले आणि मुले त्याभोवती उभी राहून पाहू लागली. द्रावणाला फिकट गुलाबी रंग येतो तो क्षण पुढच्या सहा मुलांना दिसला. मागच्यांनी वाचन त्यांच्याकडून उतरवून घेतले. वहीत सर्वांची निरीक्षणे बरोबर होती. ग्रंथपाल आणि समुपदेशक यांच्याबाबतीतही असेच घडते. पद जाते, पण गरज तशीच राहते आणि ती वर्गशिक्षकाच्या मधल्या सुट्टीत येऊन उभी राहते.

शाळेचे दिवस कमी करण्याचा पर्याय समोर आल्यास अमेरिकेतील हवाई राज्याचा अनुभव सांगावा. २००९-१० मध्ये त्या राज्याने शिक्षकांना बिनपगारी सुट्टी देऊन १७ शुक्रवारी शाळा बंद ठेवण्याचे ठरवले. वर्षाचे शिक्षणाचे दिवस १६३ वर आले, जे अमेरिकेतील सर्व राज्यांत सर्वांत कमी होते. त्या दिवशी मुलांना कोठे ठेवायचे हा प्रश्न नोकरी करणाऱ्या पालकांपुढे उभा राहिला आणि पालकांची आंदोलनेही झाली. पगाराचा खर्च तेथे कमी झाला खरा, पण तो भार कुटुंबांवर ढकलला गेला आणि ज्यांच्या घरी दिवसा कोणीच नसते, त्यांच्यावर तो सर्वांत जास्त पडला.

शिक्षक कमी करण्याची वेळ आल्यास

ही वेळ येऊ नये यासाठी निवृत्ती, स्वेच्छेने घेतलेली अर्धवेळ नेमणूक आणि बदली हे मार्ग आधी संपवावेत. तरीही ती आलीच, तर निकष आधी जाहीर करावेत आणि त्यांचा परिणाम कोणत्या शाळेवर व कोणत्या वर्गावर होतो, हे तपासूनच ते लागू करावेत. शेवटी रुजू झालेल्याला आधी कमी करण्याचा नियम दिसायला निःपक्षपाती आहे; परंतु नवे शिक्षक बहुधा गरीब वस्त्यांतील शाळांत एकवटलेले असतात. लॉस एंजेलिसमध्ये २००९ च्या कपातीत हे स्पष्ट दिसले. तेथील तीन शाळांतून इतक्या मोठ्या प्रमाणावर शिक्षक गेले, की २०१० मध्ये विद्यार्थ्यांच्या वतीने न्यायालयात जावे लागले. वर्षभरात एकाच विषयाला अनेक बदली शिक्षक आले, तर मुलांना दर वेळी पहिल्या धड्यापासून सुरुवात करावी लागते. सेवाज्येष्ठतेचे संरक्षण मी कमी लेखत नाही. मर्जीच्या कारभारापासून शिक्षकाला वाचवणारी ती भिंत आहे. पण त्या नियमाचा भार एकाच शाळेवर पडत असेल, तर त्या शाळेसाठी अपवाद करण्याची तरतूद हवी.

जे शिक्षक उरतात, त्यांच्याकडे शाळांचे सर्वांत जास्त दुर्लक्ष होते. कमी माणसांत तेवढेच काम करून दाखवण्याची जिद्द शिक्षकांत असते आणि व्यवस्थापन नकळत तिच्यावर विसंबून राहते. म्हणून कपातीच्या ठरावासोबत 'यंदा करायची नाहीत अशी कामे' यांची यादी मुख्याध्यापकांनी लेखी द्यावी. कोणते अहवाल भरायचे नाहीत, कोणत्या स्पर्धांना मुले पाठवायची नाहीत, कोणती चाचणी वगळायची आणि आठवड्याला किती वह्या तपासणे पुरेसे मानले जाईल, हे त्यात असावे. अशी यादी मिळाली नाही, तर प्रत्येक शिक्षक एकटाच ठरवतो की काय सोडायचे, आणि पुष्कळदा झोप सोडतो. शिक्षकांनीही जादा तासिकांची नोंद तारखेनिशी ठेवावी. तक्रारीपेक्षा या नोंदीचा उपयोग पुढच्या निवेदनात अधिक होतो.

निर्णय कोणाविषयी आहे, हे त्या व्यक्तीला सर्वांच्या आधी आणि समोर बसवून सांगावे. शिक्षकदालनात महिनाभर अफवा फिरत राहिल्या, की ज्यांना दुसरीकडे सहज काम मिळू शकते ते आधी निघून जातात.

भार कोणत्या मुलांवर पडतो, हे पाहावे

कपात सर्वांना सारखी दिसते, पण सारखी लागत नाही. शाळेत न मिळालेले मार्गदर्शन काही घरे विकत घेऊ शकतात आणि काही घेऊ शकत नाहीत. २००८ नंतरच्या मंदीत अमेरिकेत झालेल्या शालेय कपातींचा अर्थतज्ज्ञ किराबो जॅक्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अभ्यास केला. त्यात कपात अनुभवलेल्या मुलांचे चाचणीतील गुण आणि पुढे महाविद्यालयात जाण्याचे प्रमाण घटल्याचे दिसले आणि गरीब व इतर मुलांतील अंतर वाढले. विशेष गरजा असलेल्या मुलांची मदत, घरी शिकण्याची सोय नसलेल्यांसाठीचा शाळेनंतरचा वर्ग आणि शाळेची भाषा घरी न बोलणाऱ्या मुलांचा आधार या तीन गोष्टींवरील प्रत्येक प्रस्तावित कपात समितीने स्वतंत्रपणे मतास टाकावी, इतर बाबींच्या गठ्ठ्यात नव्हे. पालकांकडून वर्गणी घेऊन पोकळी भरण्याचा विचार झाल्यास ती ऐच्छिक, निनावी आणि संपूर्ण शाळेसाठी असावी. ज्याने दिली त्याच्याच मुलाच्या वर्गाला मिळेल अशी सोय ठेवल्यास एकाच इमारतीत दोन शाळा तयार होतात.

मुलांनाही काय बदलणार आहे, हे साध्या शब्दांत सांगावे. 'संगीताची तासिका यंदा नाही, कारण शाळेला पैसे कमी मिळाले आहेत. ती पुन्हा सुरू व्हावी म्हणून आम्ही मागणी केली आहे' एवढे पुरते. कारण कळले नाही, तर लहान मुले ते स्वतःच्या वागण्यात शोधतात, हे मी एका चौथीच्या वर्गात ऐकले आहे.

मागणी कधी आणि कशी करावी

अंदाजपत्रक मंजूर झाल्यावर काढलेल्या मोर्चापेक्षा मसुदा तयार होत असताना दिलेले एक पान अधिक काम करते. मसुदा कोणत्या महिन्यात तयार होतो, सुधारित अंदाज केव्हा मागवले जातात आणि हरकती कोणाकडे नोंदवायच्या, याची माहिती वर्षाच्या सुरुवातीलाच घेऊन ठेवावी. निवेदन एका पानाचे असावे. वर प्रत्येक विद्यार्थ्यामागची खरी घट, मध्ये कमी झालेल्या तासिका व बंद पडलेली प्रात्यक्षिके आणि खाली एकच नेमकी मागणी असावी. दहा मागण्या असलेल्या निवेदनातील सर्वांत स्वस्त मागणी मान्य होते आणि बाकीच्या नऊ मागण्यांचा विषय तेथेच मिटतो.

पैशाने शिक्षण सुधारतेच असे नाही, हा प्रतिवाद हमखास येतो आणि त्याची तयारी ठेवावी. अर्थतज्ज्ञ एरिक हानुशेक यांनी १९८० च्या दशकापासून खर्च आणि निकाल यांत सातत्यपूर्ण नाते दिसत नाही, असे मांडले आहे. पैसा कसा वापरला जातो हे महत्त्वाचे आहे, हा त्यातील मुद्दा प्रामाणिकपणे मान्य करावा. त्यासोबतच २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेला जॅक्सन, जॉन्सन आणि पर्सिको यांचा अभ्यास पुढे ठेवावा. शाळेच्या बारा वर्षांत दरवर्षी प्रत्येक विद्यार्थ्यामागे १० टक्के अधिक खर्च झालेल्या मुलांची प्रौढपणीची कमाई त्यात सुमारे ७ टक्क्यांनी अधिक आढळली आणि गरीब घरांतील मुलांमध्ये हा परिणाम आणखी मोठा होता. सरकारने किती खर्च करावा, याचा मापदंड हवा असल्यास शिक्षणाविषयीच्या २०१५ च्या आंतरराष्ट्रीय इंचॉन जाहीरनाम्यात तो आहे: देशांतर्गत सकल उत्पादनाच्या किमान ४ ते ६ टक्के किंवा एकूण सार्वजनिक खर्चाच्या किमान १५ ते २० टक्के.

न्यायालयाचा मार्ग शेवटचा समजावा. अमेरिकेतील कॅन्सस राज्यातील शाळांनी अपुऱ्या निधीविरुद्ध २०१० मध्ये दावा दाखल केला, २०१७ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने निधी अपुरा असल्याचे ठरवले आणि २०१९ मध्ये वाढीव निधीची योजना मान्य झाली. शाळा जिंकल्या, पण दावा दाखल झाला त्या वर्षी पहिलीत बसलेले मूल तोवर दहावीच्या उंबरठ्यावर आले होते.

नोंदवही चालू ठेवावी

ठराव झाल्याच्या दिवसापासून एक साधी वही उघडावी आणि दर महिन्याला पाच गोष्टी लिहाव्यात: शिक्षकाविना गेलेल्या तासिका, ठरलेल्यांपैकी प्रत्यक्ष झालेली प्रात्यक्षिके, तपासलेल्या लेखी कामांची संख्या, मुलांची गैरहजेरी आणि शाळा सोडून गेलेले शिक्षक. वहीच्या शेवटच्या पानावर कमी केलेली प्रत्येक गोष्ट आणि ती परत आणण्याचा क्रम लिहून समितीच्या सह्या घ्याव्यात. पैसे परत येतात तेव्हा ते नव्या योजनेच्या नावाने येतात आणि जुनी पदे कोणाला आठवत नाहीत. आमच्या प्रयोगशाळा परिचराचे पद चार वर्षांनी पुन्हा मागता आले, ते अशा एका पानामुळे. त्यावर तारीख होती, सात सह्या होत्या आणि त्या वर्षी न झालेल्या अकरा प्रात्यक्षिकांची नावे होती.